'चार्ज' या एका शब्दाचे अनेक अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच शब्दाला इतके अर्थ आले कोठून?

'चार्ज' या शब्दाच्या मुळाशी बैलगाडीसारखी एक गाडी आहे. गॉल प्रदेशातील लोकांच्या भाषेतून लॅटिनमध्ये 'कार्रुस' हा शब्द गेला. त्याचा अर्थ ओझे वाहणारी चाकांची गाडी. त्यावरून 'गाडीत माल भरणे' या अर्थाचे 'कार्रिकारे' हे क्रियापद तयार झाले, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप 'शार्जिए'सारखे झाले आणि तेथून ते इंग्रजीत उतरले. म्हणजे मूळ अर्थ एकच होता : कशावर तरी भार ठेवणे. पुढे हा भार कधी जबाबदारीचा झाला, कधी पैशाचा, कधी आरोपाचा, कधी बंदुकीत ठासलेल्या दारूचा आणि शेवटी विजेचा. 'कार', 'कार्गो' आणि 'कॅरी' हे शब्द याच घराण्यातले आहेत. इतकेच नव्हे, तर 'कॅरिकेचर', म्हणजे अर्कचित्र, हाही त्यांचा भाऊबंद आहे, कारण एखाद्याच्या चेहऱ्यावर वैशिष्ट्यांचा अतिरिक्त भार टाकला की अर्कचित्र तयार होते. विजेवर चालणारी कार चार्ज करणारा मनुष्य, व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले तर, गाडीत ओझेच भरत असतो.

मराठीतील प्रतिशब्द एकत्र मांडले की हीच मूळ कल्पना पुन्हा दिसते. पदभार, कार्यभार, विद्युतभार, अधिभार, बोजा या सर्वांत ओझे आहे. फक्त इंग्रजीने एका शब्दावर जे लादले, ते मराठीने वेगवेगळ्या शब्दांत वाटून घेतले.

बोलताना आपण सर्रास 'चार्ज' म्हणतो, तरी घोटाळा का होत नाही?

कारण मराठी बोलणाऱ्यांनी हा उसना शब्दही नकळत वाटून ठेवला आहे. अधिकाऱ्याच्या संदर्भात आपण एकवचनी 'चार्ज' म्हणतो आणि तो घेतला, दिला किंवा सोडला जातो. पैशाच्या संदर्भात जवळजवळ नेहमी 'चार्जेस' हे अनेकवचन येते आणि ते लावले, कापले किंवा माफ केले जातात. विजेसाठी 'चार्जिंग' हे रूप स्थिरावले आहे : फोन चार्जिंगला लावला, चार्जिंग संपले. फौजदारी प्रकरणात 'चार्जशीट' असते आणि ती दाखल होते. 'साहेबांचे चार्जिंग संपले' असे कोणी म्हटले, तर ते विनोदानेच म्हटलेले असते. इंग्रजीत जे काम आजूबाजूचे वाक्य करते, ते मराठीत शब्दाचे रूप आणि त्याच्या जोडीचे क्रियापद करते.

अडचण येते ती लिहिताना, विशेषतः इंग्रजी मजकुराचे मराठी करताना. कारण तेथे मूळ शब्द एकच दिसतो आणि शब्दकोशातला पहिला अर्थ उचलण्याचा मोह होतो.

पदभार, कार्यभार आणि प्रभार यांत फरक काय?

'पदभार' म्हणजे पदाची सूत्रे. नवे जिल्हाधिकारी पदभार स्वीकारतात, तेव्हा त्या पदाचे अधिकार आणि उत्तरदायित्व त्यांच्याकडे येते. 'कार्यभार' हा शब्द कामाकडे अधिक झुकतो. म्हणूनच एका अधिकाऱ्याकडे स्वतःचे पद सांभाळून दुसऱ्या पदाचे काम सोपवले, की आदेशात 'अतिरिक्त कार्यभार' असे लिहिले जाते. महाविद्यालयांत मात्र जपून असावे, कारण तेथे 'प्राध्यापकांचा कार्यभार' म्हणजे आठवड्याला शिकवण्याचे तास, आणि मूळ इंग्रजी शब्द चार्ज नसून वर्कलोड आहे.

ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात 'चार्ज' या शब्दाला अगदी हाताला लागणारा अर्थ आहे. बदली झालेला कर्मचारी चार्ज देतो म्हणजे दप्तर, नोंदवह्या, पावतीपुस्तके, शिक्के, किल्ल्या आणि शिल्लक रक्कम यादीनिशी दुसऱ्याच्या ताब्यात देतो. त्या यादीलाच 'चार्ज यादी' म्हणतात. 'मागच्याने दप्तराचा चार्जच दिला नाही' ही तक्रार ग्रामसभेत ऐकू येते, तेव्हा तेथे पदभाराचा प्रश्न नसून कपाटाच्या किल्लीचा असतो. अशा ठिकाणी 'दप्तर हस्तांतरित केले नाही' असे लिहिणे अधिक नेमके ठरते. पद सोडणाऱ्यासाठी 'कार्यमुक्त' हा चांगला शब्द आपल्याकडे रूढ आहे.

'प्रभार' हा शब्द स्वतंत्रपणे कमी आणि 'प्रभारी' या रूपात जास्त भेटतो.

'प्रभारी' म्हणजे तात्पुरता की मुख्य जबाबदार?

दोन्ही अर्थ प्रचलित आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. 'प्रभारी कुलगुरू' किंवा 'प्रभारी मुख्याध्यापक' म्हणजे नियमित नेमणूक होईपर्यंत त्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती. याउलट एखाद्या राष्ट्रीय पक्षाचा 'महाराष्ट्र प्रभारी' हा तात्पुरता नसतो. राज्यातील पक्षकार्याची पूर्ण देखरेख त्याच्याकडे असते. पहिला 'प्रभारी' म्हणजे 'अ‍ॅक्टिंग', दुसरा म्हणजे 'इन्चार्ज'. माझ्या मते पहिल्या अर्थासाठी 'हंगामी' हा शब्द अधिक स्वच्छ आहे, पण शिक्षण खात्यात 'प्रभारी' इतका मुरला आहे की तो आता हलणार नाही. रुग्णालयात ज्यांना सगळे 'इन्चार्ज सिस्टर' म्हणतात, त्यांच्यासाठी 'परिसेविका' हे मराठी पदनाम आहे. ते भिंतीवरील फलकावर दिसते, तोंडी फारसे येत नाही.

विजेच्या बिलावर 'आकार' आणि 'भार' असे दोन्ही शब्द असतात. त्यातला चार्ज कोणता?

'आकार'. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार अशा ओळी असतात. या सर्व रकमा आहेत. त्याच बिलावर 'मंजूर भार' असतो. तो किलोवॉटमध्ये मोजतात आणि तो चार्ज नसून लोड आहे, म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी किती विजेची उपकरणे चालवण्यास परवानगी आहे त्याचे माप.

रकमेच्या अर्थी 'आकार' हा शब्द जुना आणि अस्सल आहे. 'आकारणे' हे क्रियापद, 'आकारणी' हे नाम आणि सातबाऱ्यावर शेतसाऱ्याच्या रकमेपुढे येणारा 'आकार' ही सर्व एकाच कुळातली मंडळी आहेत. 'शुल्क' हा शब्द ठरीव फीसाठी शोभतो, 'भाडे' वाहन आणि घरासाठी, 'पट्टी' पालिकेच्या घर आणि पाण्यासाठी. 'फ्री ऑफ चार्ज'चे 'प्रभारमुक्त' असे भाषांतर मी छापील पत्रकात पाहिले आहे. तेथे 'विनामूल्य' हा साधा शब्द पुरेसा होता.

उपाहारगृहातील 'सर्व्हिस चार्ज'बद्दलही पुष्कळ जण विचारतात. तो कर नव्हे. तो उपाहारगृहाने स्वतः लावलेला सेवा आकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप जोडता येत नाही. वस्तू व सेवा करातील 'रिव्हर्स चार्ज' मात्र खरोखर कराशी संबंधित आहे : एरवी विक्रेता कर गोळा करून भरतो, तर येथे ठरावीक व्यवहारांत तो भरण्याचे दायित्व खरेदीदारावर येते. त्यात रक्कम उलटत नाही, ओझे कोणाच्या खांद्यावर ते उलटते.

सातबाऱ्यावरील 'बोजा' म्हणजे गहाण का?

नेहमीच नाही, आणि जमीन घेणाऱ्याने हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० मध्ये चार्जची व्याख्या आहे. एका व्यक्तीची स्थावर मालमत्ता दुसऱ्याला द्यावयाच्या पैशासाठी तारण ठरते, आणि तो व्यवहार गहाणात मोडत नाही, तेव्हा त्या दुसऱ्या व्यक्तीचा मालमत्तेवर 'चार्ज' आहे असे म्हणतात. गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध धनकोकडे हस्तांतरित होतो. बोज्यात तसे काही हस्तांतरित होत नाही. या मालमत्तेतून अमुक रक्कम वसूल करता येईल, एवढाच हक्क निर्माण होतो. तो पक्षकारांच्या करारातून येतो किंवा कायद्यानेच उत्पन्न होतो. उदाहरणार्थ, खरेदीखत झाले, मालकी गेली, पण किमतीचा काही भाग मिळायचा राहिला, तर विक्रेत्याचा त्या रकमेपुरता मालमत्तेवर बोजा राहतो. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पत्नीच्या पोटगीसाठी पतीच्या मिळकतीवर असाच बोजा ठेवता येतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा शब्द प्रामुख्याने पीककर्जामुळे माहीत असतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ नुसार, शेतीसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून कर्ज घेताना सभासद आपल्या जमिनीवर बोजा निर्माण करणारे घोषणापत्र देतो आणि त्याची नोंद फेरफाराने अधिकार अभिलेखात, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात येते. बोलीत याला 'बोजा चढवणे' म्हणतात. कर्ज फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. संस्थेचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्जाची बाकी नसल्याचा दाखला, देऊन पुन्हा फेरफार करून घ्यावा लागतो. वडिलांनी कधीच फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाला जमीन विकताना कागदावर सापडतो, तो या विसरलेल्या शेवटच्या पायरीमुळे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० मध्येच आणखी एक तरतूद आहे : ज्याने मोबदला देऊन मालमत्ता घेतली आणि ज्याला बोज्याची सूचना नव्हती, अशा खरेदीदाराविरुद्ध, कायद्यात अन्यथा स्पष्ट तरतूद नसेल तर, तो बोजा बजावता येत नाही. बँका नोंदीसाठी इतक्या आग्रही असतात त्यामागे हे एक कारण आहे, कारण नोंद असली की 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव टिकणे कठीण होते.

या अर्थी 'प्रभार' किंवा 'आकार' लिहू नये. 'जमिनीवर बँकेचा आकार आहे' या वाक्यातून वाचकाला भलतेच समजेल, कारण त्याच सातबाऱ्यावर 'आकार' म्हणजे शेतसारा. एकाच कागदावर चार्जचे दोन मराठी प्रतिशब्द शेजारी नांदत आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत 'चार्ज' वेगळा असतो का?

थोडासा. २०१३ च्या कंपनी अधिनियमात चार्जच्या व्याख्येतच गहाणाचाही समावेश केला आहे, म्हणजे जमिनीच्या कायद्यात काळजीपूर्वक पाळलेला भेद येथे मुद्दाम मिटवला आहे. कंपनीने मालमत्ता तारण ठेवली की कलम ७७ नुसार साधारणपणे ३० दिवसांत निबंधकाकडे तिची नोंदणी करावी लागते आणि कर्ज फिटल्यावर ते फिटल्याचेही कळवावे लागते.

पोलिसांनी 'चार्जशीट' दाखल केली म्हणजे आरोप निश्चित झाले का?

नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा घोटाळा सर्वांत जास्त होतो, म्हणून तो सविस्तर पाहू.

तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयाला अहवाल देतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७३ खाली होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९३ खाली आहे. कायद्याच्या भाषेत तो 'पोलीस अहवाल' आहे. त्याला चार्जशीट, आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणण्याची रीत व्यवहारातून आली. हे पोलिसांचे म्हणणे असते. आरोपी कोठडीत असेल तर त्याला कालमर्यादा आहे : मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कारावास असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवस आणि इतरांत ६० दिवस. या मुदतीत अहवाल आला नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क निर्माण होतो.

त्यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहते, दोन्ही बाजू ऐकते आणि खटला चालवण्याइतपत आधार दिसला तर स्वतः 'चार्ज' तयार करते. याला 'आरोप निश्चिती' किंवा 'दोषारोप ठेवणे' म्हणतात. नव्या संहितेने सत्र खटल्यांत आणि पोलीस अहवालावरील वॉरंट खटल्यांत यासाठी दोषारोपावरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांची मुदत घातली आहे. या चार्जमध्ये गुन्ह्याचे नाव, कायद्याचे कलम, वेळ, ठिकाण आणि कोणाविरुद्ध गुन्हा घडला हे नमूद करावे लागते, तो न्यायालयाच्या भाषेत लिहावा लागतो आणि आरोपीला वाचून व समजावून सांगून 'गुन्हा कबूल आहे का' असे विचारावे लागते. महाराष्ट्रातील जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी असल्यामुळे येथे नेमका मराठी शब्द हा केवळ भाषाप्रेमाचा विषय राहत नाही.

सोयीसाठी पोलिसांच्या कागदाला 'आरोपपत्र' आणि न्यायालयाच्या कृतीला 'आरोप निश्चिती' असे कटाक्षाने म्हणावे. 'आरोप ठेवले' हे क्रियापद दोघांसाठीही वापरले जाते आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आधार दिसला नाही, तर न्यायालय आरोपीला 'डिस्चार्ज' करते. हे निर्दोष सुटणे नव्हे. डिस्चार्जमध्ये खटला उभाच राहत नाही. निर्दोष सुटका खटला चालून, पुरावा तपासून होते. दोन्हींसाठी 'दोषमुक्त' हा एकच शब्द छापला जातो, तेव्हा वाचकाला कोणती पायरी चालू आहे हे कळत नाही.

कार्यालयात कर्मचाऱ्याला मिळालेली चार्जशीट हीच का?

नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली विभागीय चौकशीत जे दोषारोपपत्र दिले जाते, ते नियुक्ती करणाऱ्या यंत्रणेकडून येते, त्याचे परिणाम नोकरीपुरते असतात आणि त्याने कोणी फौजदारी आरोपी ठरत नाही. एकाच घटनेवरून दोन्ही कारवाया समांतर चालू शकतात. बातमीत 'चार्जशीट' एवढेच न लिहिता 'विभागीय दोषारोपपत्र' असे लिहिले, तर संबंधिताची विनाकारण बदनामी टळते.

न्यायाधीशांचा 'चार्ज टू द ज्युरी' म्हणजे काय? तोही आरोपच का?

येथे चार्जचा अर्थ आरोप नसून सोपवणूक आहे. ज्युरी पद्धतीत, म्हणजे नागरिकांतून निवडलेले पंच निर्णय देत त्या पद्धतीत, साक्षीपुरावे संपल्यावर न्यायाधीश पंचांना पुराव्याचा सारांश आणि लागू होणारा कायदा समजावून सांगत आणि निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. या निवेदनाला चार्ज म्हणत.

मुंबईतील नानावटी खटल्यात एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ समोरासमोर आले. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर १९५९ मध्ये घडलेल्या हत्येचा आरोप होता. तो पहिला चार्ज. सत्र न्यायालयातील ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो निर्णय मान्य नसल्याने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे गेले आणि तेथे चर्चा झाली ती दुसऱ्या चार्जची : ज्युरीला केलेल्या निवेदनात कायद्याची दिशाभूल करणाऱ्या चुका झाल्या होत्या का. उच्च न्यायालयाने त्या मान्य करून नानावटींना दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तो निर्णय कायम केला. या निकालपत्राचा मराठी अनुवाद वाचताना 'सदोष चार्ज' असे शब्द आले, तर आरोपात दोष होता की निवेदनात, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९७३ च्या संहितेने ज्युरी पद्धत मागे टाकल्यामुळे हा अर्थ आता आपल्याकडे इतिहासजमा झाला आहे.

भौतिकशास्त्रातला चार्ज नेमका काय? 'भार' म्हणावे की 'प्रभार'?

विद्युतप्रभार हा पदार्थकणांचा मूलभूत गुणधर्म आहे. 'प्रभार म्हणजे अमुक' अशी त्याची अधिक सोप्या गोष्टीत फोड करता येत नाही. तो कसा वागतो एवढेच सांगता येते. तो दोन प्रकारचा असतो, समान प्रभार एकमेकांना दूर लोटतात, विरुद्ध प्रभार ओढतात, आणि एकूण प्रभार कमी किंवा जास्त होत नाही. या बलाचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम्ब यांनी १७८५ मध्ये मांडला आणि प्रभाराचे एकक त्यांच्याच नावाचे आहे.

हा शब्द विजेकडे आला तो बंदुकीच्या वाटेने, असे म्हणायला हरकत नाही. अठराव्या शतकात तोफेत किंवा बंदुकीत दारू भरण्याला इंग्रजीत चार्ज म्हणत. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत 'बार' भरत. लेडन पात्र या काचेच्या बरणीत वीज साठवून ती एका ठिणगीसरशी मोकळी करता येते हे १७४५ च्या सुमारास कळले, तेव्हा भरणे आणि उडवणे हीच उपमा समोर होती. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये विजेचे अधिक आणि उणे असे वर्णन केले आणि अशा अनेक बरण्यांच्या जुळणीला त्यांनी 'बॅटरी' हे नावही तोफखान्यातूनच दिले. काच रेशमाने घासल्यावर तिच्यावर येते ती वीज अधिक, हा त्यांचा निर्णय केवळ संकेताचा होता. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा तो उणे बाजूचा निघाला, आणि त्यामुळे तारेतील इलेक्ट्रॉन ज्या दिशेने जातात त्याच्या उलट दिशा विजेच्या प्रवाहाची म्हणून आजही विद्यार्थ्यांना शिकवावी लागते. एका कूलोम्बसाठी सुमारे ६२,४०० कोटी कोटी इलेक्ट्रॉन लागतात. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य व्याख्येनेच ठरवून टाकले आहे.

आता शब्दाबद्दल. जुन्या मराठी विज्ञानलेखनात 'विद्युतभार', 'धनभार', 'ऋणभार' असे शब्द आढळतात. त्यांची अडचण अशी, की 'भार' हा शब्द वजन आणि लोड यांसाठीही वापरात आहे. 'तारेवरील भार' म्हटल्यावर टांगलेले वजन, वाहणारी वीज की साठलेला चार्ज, हे कळत नाही. म्हणून शालेय पुस्तकांतला 'प्रभार' हा शब्द मला अधिक पटतो. 'प्रभारित कण' आणि 'प्रभारी मुख्याध्यापक' यांत एका अक्षराचेच अंतर आहे, पण त्यांची एका वाक्यात गाठ पडण्याचा संभव कमी.

फोन चार्ज होतो म्हणजे त्यात प्रभार साठतो का?

साठत नाही, आणि ही समजूत शब्दामुळेच झाली आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आणि रिकाम्या बॅटरीत एकूण प्रभार सारखाच, म्हणजे शून्य असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे प्रभारित कण, आतल्या आत बॅटरीच्या एका टोकाकडून (इलेक्ट्रोडकडून) दुसऱ्याकडे ढकलले जातात आणि तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या मार्गाने जातात. साठते ती रासायनिक ऊर्जा.

तरीही बॅटरीवर छापलेला मिलिअँपिअर-तासाचा आकडा प्रभाराचाच असतो : बॅटरी रिकामी होईपर्यंत बाहेरच्या मार्गाने एकूण किती प्रभार वाहून जाईल ते तो सांगतो. ५,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १८,००० कूलोम्ब. ऊर्जेच्या हिशेबात ही सुमारे १९ वॉट-तास होते. वाया जाणारा भाग धरूनही विजेच्या एका युनिटमध्ये असा फोन चाळीसेक वेळा भरता येईल. विजेच्या मोटारीची बॅटरी मात्र किलोवॉट-तासात, म्हणजे थेट ऊर्जेत सांगतात.

'लाठीचार्ज' हा शब्द बरोबर आहे का?

बरोबर आहे, भारतीय इंग्रजीतून आलेला आहे आणि सर्वांना समजतो. मराठीत 'लाठीमार' आणि 'लाठीहल्ला' हे दोन शब्द आहेत. लाठीमारात मारणे आहे, हल्ल्यात चालून जाणे आहे. चार्जच्या लष्करी अर्थाला दुसरा जवळचा. जुन्या कवायतीत भाला रोखून धरण्यालाही चार्जच म्हणत आणि तसा भाला रोखून वेगाने चालून जाणे हा पुढचा अर्थ झाला.

घोडदळाच्या अशा हल्ल्यांत सर्वाधिक गाजला तो क्रिमियातील बालाक्लावा येथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वारांनी रशियन तोफांवर केलेला हल्ला. वरून आलेल्या लेखी आदेशात 'चार्ज' हा शब्दच नव्हता. वेगाने पुढे जाऊन शत्रूला तोफा नेऊ देऊ नका, एवढेच लिहिले होते. कोणत्या तोफा, याचा उलगडा न होता दल भलत्याच खोऱ्यात शिरले. आपल्या भूमीवरील उदाहरण जालना जिल्ह्यातील असईचे आहे : २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांच्या घोडदळाने असाच हल्ला चढवला आणि त्याचा नेता कर्नल मॅक्सवेल त्यात मारला गेला. मराठीत अशा वेळी घोडी घातली जातात किंवा चाल केली जाते. तेथे 'चार्ज केला' असे लिहिण्याचे कारण नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पातील 'भारित' खर्च म्हणजे जड खर्च का?

नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०२ नुसार काही खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर 'चार्ज्ड' असतो आणि त्याला मराठी अर्थसंकल्पात 'भारित' म्हणतात. राज्यपालांची उपलब्धी, विधानमंडळाच्या पीठासीन अधिकाऱ्यांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरील व्याज आणि न्यायालयीन हुकूमनाम्यांच्या रकमा यांत येतात. या खर्चावर चर्चा करता येते, मतदान घेता येत नाही. ज्यावर मतदान होते तो 'दत्तमत' खर्च. संख्याशास्त्रात 'भारित सरासरी' असते, तिचा याच्याशी काही संबंध नाही. तेथे मूळ शब्द 'वेटेड' आहे.

डिस्चार्ज, रिचार्ज आणि सरचार्ज यांना प्रत्येकी एक मराठी शब्द सांगता येईल का?

सरचार्जला सांगता येईल : अधिभार. रिचार्जला दोन लागतात, कारण भूजलाचे 'पुनर्भरण' होते आणि फोनचे रिचार्जच होते. डिस्चार्जला मात्र अख्खी रांग लागते. धरणातून होतो तो 'विसर्ग'. पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे क्यूसेकमधले आकडे पुणेकर रोज वाचतात, आणि एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. जखमेतून होतो तो 'स्राव'. रुग्णाला मिळते ती 'सुट्टी' किंवा 'घरी सोडणे'. कर्जाची होते ती 'फेड'. आरोपीचा डिस्चार्ज वर आलाच आहे. वैद्यकीय अहवालात रुग्णाला डिस्चार्ज दिला आणि रुग्णाला डिस्चार्ज आहे या दोन वाक्यांत घरी जाणे आणि स्राव होणे एवढे अंतर आहे.

कारखान्यात आणि दुरुस्तीच्या दुकानात हा शब्द कसा वापरतात?

कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीत एका वेळी टाकायच्या मालाला, म्हणजे कच्चे लोखंड, भंगार, कोक आणि चुनखडी यांच्या ठरीव थरांना, चार्ज म्हणतात. तेलाच्या घाण्यात किंवा कढईत एका वेळी जेवढे पडते त्याला आपण 'घाणा' म्हणतो, कल्पना तीच. फ्रिज दुरुस्त करणारा 'गॅस चार्ज करतो' म्हणजे ठरावीक वजनाचा वायू भरतो. विहीर खोदताना खडकात सुरुंग 'भरतात'. या सर्व ठिकाणी 'भरणे' हे मराठी क्रियापद निमूटपणे काम करते.

जनगणनेतील 'चार्ज अधिकारी' कशाचा चार्ज घेतात?

तेथे चार्ज हा भूभाग आहे. जनगणनेसाठी जिल्ह्याचे जे प्रशासकीय भाग पाडतात त्यांना चार्ज म्हणतात. ग्रामीण भागात तालुका हा एक चार्ज आणि तहसीलदार हे त्याचे चार्ज अधिकारी असतात.

'शार्झे दाफेर' या पदाचा चार्जशी संबंध आहे का?

आहे; तो त्याच शब्दाचा फ्रेंच अवतार आहे आणि त्याचा अर्थ 'ज्याच्यावर कामकाज सोपवले आहे असा'. म्हणूनच त्याचा उच्चार इंग्रजी चार्जसारखा करत नाहीत. राजदूत नसताना दूतावासाचे प्रमुखपद हा अधिकारी सांभाळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी परस्परांच्या राजधानीतील उच्चायुक्तांशिवाय काम चालवण्यास सुरुवात केली, तेव्हापासून मराठी बातम्यांत 'प्रभारी उच्चायुक्त' हा शब्द अधूनमधून दिसू लागला. येथे 'प्रभारी'चे दोन्ही अर्थ, तात्पुरता आणि मुख्य जबाबदार, एकाच वेळी लागू पडतात.